टपालपेटीवरची अकरा नावं

तात्यांच्या टपालपेटीवर त्यांचं नाव सोडून एका वेळी अकरा नावं मी स्वतः मोजली आहेत. श्टुटगार्टमध्ये माणूस आधी दारावरच्या नावाने असतो, मग अंगाने. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. घरमालकाच्या सहीचा कागद दाखवून पालिकेत पत्ता नोंदवला नाही, तर बँकेचं खातं उघडत नाही आणि तिथे राहण्याच्या, काम करण्याच्या परवान्याचंही अडतं. नव्याने उतरलेल्याला घर कोण देणार? मग तात्या चिकटपट्टीवर स्केचपेनने त्याचं नाव लिहून आपल्या पेटीवर डकवायचे. पोस्टमनने एकदा कपाळाला हात लावला, तर तात्या मला म्हणाले, "ह्यो डबा न्हाई गड्या, विट्याची यष्टी हाय. सरकून बसा म्हनलं की जागा हुती."

तात्या विट्याचे. तिकडची बरीच माणसं गलाईच्या धंद्यात. लांबलांबच्या शहरांत दुकान टाकायचं आणि जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. त्या दुकानांचा एक रिवाज आहे. गावाकडचा कोणीही परक्या शहरात उतरला की सरळ गलाईवाल्याकडे जातो, हाताला काम लागेपर्यंत तिथेच जेवतो, तिथेच पसरतो. कोणाचा कोण, हे कोणी विचारत नाही. तात्यांनी तरुणपणी तामिळनाडूत असं दुकान सांभाळलं, पुढे हॉटेलात आचारी झाले आणि त्याच कामावर जर्मनीत आले. तंदूरपुढे घाम पुसत म्हणायचे, "सोनं सुटलं, पर भट्टी काय सुटंना." रिवाजही सुटला नव्हता. हॉटेलच्या मालकाने त्यांना वर दोन खोल्या दिल्या होत्या, सहीचे कागदही तोच द्यायचा. त्यांतली एक कायम आमच्यासारख्यांची.

मी साताऱ्याचा इंजिनियर. कंपनीने दिलेली जागा दहा दिवसांत सोडायची होती आणि मी घरं बघून बघून रडकुंडीला आलो होतो. तात्यांकडे सात आठवडे राहिलो. पालिकेत ते माझ्याबरोबर आले आणि खिडकीतल्या बाईंना चक्क मराठीत म्हणाले, "बाई, पोरगा चांगल्या घरचा हाय, लय हेलपाटं घालाय लावू नगा." बाई हसल्या आणि शिक्का मारून मोकळ्या झाल्या. मी मात्र इकडेतिकडे बघत होतो, आपल्या ओळखीचं कोणी नाही ना म्हणून. तेव्हाच मला कळायला हवं होतं की मी कसा माणूस आहे.

रविवारी त्या शहरात सगळी दुकानं बंद. पहिल्या रविवारी मी उपाशी बसलेला बघून त्यांनी तिथल्याच काळपट पिठाची भाकरी थापायला घेतली. ती तीनदा तव्यात पडायच्या आधीच मोडली. "ह्या पिठाला इरीच न्हाई, धरून ऱ्हाईना," ते म्हणाले, "मानसागत हाय. नुसतं दिसाय बरं." आणि ते तुकडेच दह्याबरोबर आम्ही खाल्ले.

पुढे मला घर मिळालं, तेही त्यांच्याच ओळखीने. घरमालकीण म्हातारी, एकटी. तिच्या बागेतली खुरपणी तात्या सुट्टीच्या दिवशी हौसेने करायचे. मी बायकोला आणलं, बढती मिळाली. एका दिवाळीला ऑफिसातले लोक घरी जेवायला बोलावले, तर तात्या पातेलंभर रस्सा घेऊन जिन्यातूनच ओरडत आले, "सातारकर, दार उगड रं!" हळदीचा हात माझ्या साहेबाच्या खांद्यावर ठेवून त्यांनी त्याला जेवलास का म्हणून विचारलं. साहेबासकट सगळे मनापासून हसले. लाज वाटली ती एकट्या मलाच.

मग त्यांचं हॉटेल बंद झालं. दुसरीकडे काम मिळालं, पण तिथे राहायला जागा नव्हती आणि परवाना बदलून घ्यायला पत्ता लागत होता. एका शनिवारी दुपारी ते आले. चपला काढायच्या बाकावरच बसले, आत आले नाहीत.

"तीन-चार म्हैनं," ते म्हणाले. "दारावर नाव आन् म्हातारीची सही. झोपाय मी कुटं बी झोपंन."

"विचारतो, तात्या."

चार दिवसांनी मी फोन केला. "घरमालकीण नाही म्हणतेय."

ते म्हणाले, "बरं. तिचं बी खरं हाय."

मी तिला विचारलंच नव्हतं. जिन्यातून रोज येणारी ती हाक मला नको होती, एवढंच कारण. दुसरं कुठलंही नाही, शोधून बघितलं. पेटीवरच्या बाकीच्या दहा जणांनी काय केलं याची मी चौकशी केली नाही. परवान्याची मुदत संपली आणि तात्या गावी परत गेले. त्या दिवशी मला मीटिंग होती, असं मी बायकोला सांगितलं. मीटिंग नव्हती.

गेल्या वर्षी रजेवर आलो तेव्हा विट्याला गेलो. घराच्या ओट्यावर बसले होते, वाळले होते. सुनेने चहा आणला.

"म्हातारी बरी हाय?"

"आहे."

"निगायच्या आदल्या दिशी गेलतो तिच्याकडं, निरोप घ्याय. रडाय लागली. म्हनली, असा कसा चाललास, मला सांगायचं न्हाई व्हय? वरची खोली मोकळीच हाय म्हनली." त्यांनी बशीतला चहा फुंकला. "पर तवा तारीख टळून गेलती."

"तात्या, माझं चुकलं."

"व्हय. चुकलं."

पुढे काही तरी येईल म्हणून मी वाट बघत राहिलो. ते रस्त्याकडे बघत होते.

"च्या घे," शेवटी म्हणाले. "साताऱ्याची यष्टी पावनेपाचला हाय. मुक्कामाला ऱ्हा म्हनत न्हाई मी तुला."

गाडी विट्याबाहेर पडली तेव्हा बायकोचा फोन आला. "भेटले का तात्या? राहायचा आग्रह केला असेल ना?"

"खूप केला," मी म्हणालो. "मीच निघालो."