ओढ्याचं जुनं वळण

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाही धड ठाऊक नाही.

मी खाजगी मोजणीची कामं करतो. चाकणजवळच्या एका गावात गोदामासाठी जमीन मोजत होतो. सोबत इंग्रजांच्या काळातला नकाशा होता. जुने नकाशे वाचायचा मला भारी नाद — कुठली वाट बुजली, कुठली विहीर गेली, मित्रांना सांगत फुशारक्या मारायचो.

तिथे हौसाबाई आल्या, गावातल्याच, म्हाताऱ्या. त्यांचं पहिलं लेकरू बारसं व्हायच्या आतच गेलं होतं. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. आणि बायकांना तिकडे नेत नाहीत. नवऱ्याने घरी येऊन एवढंच सांगितलं — ओढ्याच्या वळणावर, चिंचेखाली. आता नवरा नाही, चिंच तोडलेली, ओढा सरळ केलेला. आईला जागाच सापडेना.

"भाऊ, तुमच्या कागदात जुना वढा असंल ना? वळण कुठं हाय, तेवढं दावा."

होतं की. वळण होतं, त्यावर एकट्या झाडाची खूणही होती. आम्ही उभे होतो तिथून हाकेच्या अंतरावर — बरोबर गोदाम उभं राहणार होतं तिथे.

नुसतं बोट दाखवायचं होतं. तेवढंही जमू नये माणसाला? पण मनात आलं — गावाला कळलं तर काम अडेल, मालक उखडेल, पुढची कामं हातची जातील. कोणी दमदाटी केली नव्हती हो. मीच घाबरलो. आणि बोट केलं भलतीकडे, बांधावरच्या बाभळीकडे. "तिथं होतं, मावशी."

त्यांनी मला हात जोडले. मग बाभळीपाशी जाऊन बसल्या आणि पदरानं जमीन झाडू लागल्या.

गोदाम झालं. कामासाठी तिकडून जावंच लागतं. बाभळीखाली कधी दुधाची वाटी असते, कधी नवं झबलं. ते झबलं माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. जेवताना, गाडी चालवताना — आणि मला भीती वाटते, खरंच वाटते.

मागच्या महिन्यात हौसाबाई तिथेच भेटल्या. पलीकडे खऱ्या जागेवर कंटेनर मागे घेत होते. त्यांनी मला ओळखलं, सुनेला हाक मारली. म्हणाल्या, "ह्या भावानं माझं लेकरू दावलं."

तेव्हा तरी बोलायचं ना? त्यांनी प्रसादाची साखर पुढे केली. मी हात पुढे केला, घेतली आणि खाल्ली.