कपाटातला सेफ्टी बेल्ट

"हा भाग काढा," मॅनेजर उभ्याउभ्याच म्हणाले. "नाहीतर फिल्म पास करणार नाही."

कुवेतजवळच्या सुलैबियातल्या त्यांच्या कारखान्यासाठी आमचा स्टुडिओ कामगारांच्या सेफ्टीवर फिल्म करत होता. मी एडिटर. दिग्दर्शक मिलान, सर्बियाचा. आपल्या देशात त्याने तीन सिनेमे केले होते, मयताच्या घरीही हसू फुटावं आणि सरकारला झोंबावं असे. मग युद्ध आलं, सिनेमे थांबले आणि हा गृहस्थ कुवेतमध्ये हेल्मेट कसं घालावं ते शिकवायला आला.

कारखान्यात चांगला सेफ्टी बेल्ट एकच. तोही काचेच्या कपाटात, कुलपात. मिलानने एवढंच टिपलं होतं: मालवणचा सावंत डगमगत्या ड्रमवर चढून कपाटाची काच पुसतो, मग बेल्टशिवाय छपरावर जातो. सात मिनिटं, एक शब्द नाही.

रफ कट, म्हणजे कच्ची जोडणी, कामगारांना दाखवली तेव्हा सावंतच आधी ओरडला, "पट्टो कपाटात, आमी छपरार!" सगळे खो खो हसले. कुवेतला येऊन मला चार वर्षं झाली होती, एकट्याने. इतका हसलेलो मला आठवत नव्हतं.

मॅनेजर तंबी देऊन गेल्यावर मी मिलानकडे पाहिलं.

"काप," तो म्हणाला. "माझा इकामा रिन्यू व्हायचाय."

इकामा म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला. तो नाही तर देश सोडा. मी कापत होतो तेव्हा मिलान जिन्यात जाऊन बसला.

फिल्म पास झाली. कामगारांनी ती जांभया देत पाहिली. बेल्ट कपाटातच राहिला.

मिलानने पुढे सहा वर्षं लग्नांचे व्हिडिओ आणि खैरानच्या शॅलेंच्या, म्हणजे समुद्रकाठच्या सुट्टीच्या बंगल्यांच्या, जाहिराती केल्या. आम्ही रोज एकाच टेबलावर डबा खायचो. बोलणं फारसं नसायचंच.

कायमचा परत निघाला त्या आठवड्यात तो म्हणाला, "परब, ती सात मिनिटं दे. घरी विचारतील, इतकी वर्षं काय केलंस. दाखवण्यासारखं तेवढंच आहे."

स्टुडिओत टेप कमी असायच्या. कापलेल्या भागाची टेप आम्ही पुन्हा वापरायचो.

"त्यावर मी जाहिरात रेकॉर्ड केली, मिलान."

"कुठली?"

"शॅलेची. तुझीच."

तो मोठ्याने हसला. सहा वर्षांत पहिल्यांदा. "शेवट चांगला आहे," म्हणाला, आणि डबा न उघडताच उठून गेला.

तेव्हापासून कापलेला भाग मी पुसत नाही. माझं कपाट टेपांनी भरलंय. मागायला अजून कोणी आलेलं नाही.