उरलेली दहा घरं

ऑफिसात तिला मावशी म्हणत. तिला ते आवडत नसे आणि तोंडावर तसं सांगायलाही ती कचरत नसे. काम तिनं मागून घेतलेलं होतं: ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात अक्षरं एका जागेतून दुसरीत उतरवणारं जुनं फंक्शन काढून नवं बसवायचं. जुन्याची खोड अशी, की नाव जागेत ठासून बसलं की नाव संपल्याची शून्याची खूण राहून जायची. वाचणारा मग थांबायचाच नाही, पुढच्याच्या जागेत घुसायचा. नवं फंक्शन खूण टाकल्याशिवाय सोडत नाही.

मावशी कोडमधल्या दिवसाला आठच जागी हा बदल करायची. नाव कुठून येतं, कुठे जातं, ते वाचल्याशिवाय हात लावायची नाही. शेजारच्या टेबलावरचा आयतोबा, त्याला सगळे जावई म्हणत, त्यानं एक स्क्रिप्ट चालवून एका दुपारीत अशा दोनशे जागा उरकल्या.

“मावशी, ढेकूण वेचताय का?”

“तुझ्या अंगावरचे नाही वेचत. गप बस.”

डिस्कचा विभाग सांभाळणारा म्हातारा खडूस. त्यानं जावयाच्या दोनशेंवर न वाचता सही केली आणि बैठकीत म्हणाला, “महिनाअखेर हे काम या बाईकडून काढून घ्या.”

घरी नवरा म्हणाला, “सोड ना. पगार तोच मिळणार.”

“काम तेच मिळणार नाही.”

दुसऱ्या दिवसापासून ती जावयाचं काम वाचायला बसली. चौथ्या दिवशी खडूसच्या खोलीत शिरली.

“जावयाचा हा बदल मागे घ्या.”

“सही झालीय. नवं फंक्शन सुरक्षित, असं तुम्हीच सांगत फिरता ना?”

“नाव पाच अक्षरांचं, त्याच्या पेटीत घरं सोळा. खुणेसकट सहा भरली. उरलेल्या दहांत जुनं फंक्शन शून्यं भरायचं. नवं भरत नाही, शून्यं भरणारा त्याचा भाऊ वेगळा आहे, तो इथे हवा होता. आणि ही पेटी जशीच्या तशी बाहेरच्या प्रोग्रॅमच्या हातात जाते. दहांत काय असतं?”

“कचरा.”

“बघू या.”

तिनं त्याच्याच मशीनवर चालवून दाखवलं. नवव्या घरापासून सोळाव्यापर्यंत गाभ्याच्या मेमरीतला एक अख्खा पत्ता उघडा पडला होता. घरफोड्याला हवा असतो तसाच.

खडूसनं चष्मा पुसला. “अशा किती?”

“तुमच्या सहीच्या? आतापर्यंत अकरा. निम्मंच वाचून झालंय.”

“मग राहिलेलं वाचा.”

“आधी दोनशेच्या दोनशे मागे घ्या. अन् ते महिनाअखेरचं?”

“बघू.”

“बघू नाही. माझ्यासमोर लिहा.”

त्यानं दात ओठ खात एक ओळ टाइप केली: ही बाई या कामावर राहील. मावशीनं ती दोनदा वाचली.

“पाठवा.”

पाठवली. जावयाचे बदलही एकेक करून मागे गेले. तोवर ती उभीच होती. मग वळली.

“दार ओढून घ्या जाताना,” खडूस म्हणाला.

“हात आहेत ना तुम्हाला?”