खिळे गाळणारं मशीन

माझं जुनं मशीन बरं होतं, असं मी आजही म्हणतो. टोकियोतल्या निशी-कसाईला मुलाकडे राहायला आलो तेव्हा वेळ जाईना, म्हणून त्यानेच ते आणून दिलं. जमिनीवरून फिरवायचं, खाली धातू असला की ते कुंई करायचं. समुद्रकाठच्या वाळूत मी नाणी काढली, एक जेवायचा काटा काढला, बाटल्यांची बुचं तर विचारू नका. शाळेत चौथीपुढे गेलो नाही, पण ते मशीन कोणाच्या शिकवणीशिवाय चालवलं.

माझी सून जपानी. तिचं माहेर उत्तरेला, किनाऱ्यावर. भूकंपानंतरच्या लाटेत घर गेलं आणि माझे व्याही गेले. ते सापडले नाहीत. विहीणबाई त्या दिवशी टेकडीवरच्या वस्तीत होत्या म्हणून वाचल्या. काही वर्षांनी त्यांनी निरोप पाठवला, देव्हाऱ्यातली पितळेची घंटा घराच्या जागेवर कुठेतरी असेल, तुमचं मशीन घेऊन याल का. गेलो. पण लाकडी घराची जागा ती, खाली नुसते खिळे. जुन्या मशीनला खिळा काय नि पितळ काय, सगळ्याला एकच कुंई. दिवसभर खणून पिशवीभर खिळे निघाले. विहीणबाईंनी ते धुऊन ठेवले.

म्हणून नवीन मशीन बघायला टोकियोतल्या दुकानात गेलो, मी, सून आणि विहीणबाई. दुकानदाराने दोन मांडली. स्वस्तातलं खिळे थोडेफार ओळखायचं, पण बारीक वस्तू त्याला कळायची नाही. भारीतल्यात लोखंडाला जाड आवाज, पितळेला नि सोन्याला बारीक, आणि खिळ्यांचा आवाज पार बंद करता यायचा. दुकानदार हौसेने बोलत होता. बोलता बोलता त्याने आपल्या गालाकडे बोट दाखवलं आणि हसला. विहीणबाईंनी पर्स घट्ट धरली. सून माझ्याकडे बघेना.

"काय म्हणाला?"

"बाबा, तो म्हणतो, दाताच्या टोपीएवढं सोनंसुद्धा याला सापडतं."

व्याह्यांचा फोटो आमच्या बैठकीत आहे. मोकळे हसतायत, आणि डावीकडे सोन्याचा दात. लग्नात मी त्यांना म्हटलं होतं, तुमच्या तोंडात माझ्या सुनेच्या गळ्यापेक्षा जास्त सोनं आहे. सुनेने जपानीत सांगितल्यावर ते तसेच हसले होते.

आमच्यात माणूस गेला की तोंडात सोन्याचा कण ठेवतात. बायकोच्या तोंडात मी ठेवला, तिसऱ्या दिवशी तिची राखही सावडली. तेव्हा भीती वाटली नाही, काय हाताला लागणार ते ठाऊक होतं. इथे मशीन माझ्या हातात, आवाज माझ्या कानात. सगळ्यांच्या आधी मला कळणार.

"हे नको," मी म्हणालो. "जड आहे. खांदा भरून येतो."

"परवा तांदळाची गोणी एकट्याने वर आणलीत," सून म्हणाली. "लिफ्ट चालू असताना."

"घंटाच शोधायची ना? घंटेला स्वस्तातलं पुरेल."

तिने ते आईला सांगितलं. विहीणबाई उठल्या, भारीतलं मशीन एका हाताने उचललं आणि काही बोलल्या. हलकं आहे, एवढं जपानी मलाही कळतं. पुढचं सुनेने सांगितलं.

"आई म्हणते, घंटा नाही सापडली तरी चालेल."

भारीतलंच घेतलं.

घरी जाताना ट्रेनमध्ये मशीन गुडघ्यांत धरून बसलो आणि त्याची बॅटरी काढून खिशात ठेवली. आपोआप वाजत नाही ते मला कळतं. तरी काढली.

पुढच्या रविवारी जागेवर उभा राहून हेडफोन लावला. खिळे गप्प. ती शांतता मला सोसेना. सावकाश फिरवत न्हाणीघराच्या पायापाशी आलो, आणि बारीक आवाज आला. दुसऱ्या कोणाला तो ऐकू जाणार नव्हता. तसाच पुढे गेलो असतो तर कोण विचारणार होतं. पण पाय थांबले, आणि विहीणबाई माझ्या पायांकडेच बघत होत्या. खुरपं घेऊन आल्या. मी ते काढून घेतलं, त्यांना खणू दिलं नाही.

निघाली पडद्याची पितळी कडी.

मी तिथेच बसलो. विहीणबाईंनी कडी बाहीने पुसली, आमचीच, असं सुनेला म्हणाल्या आणि खिशात टाकली. मग पुढच्या जमिनीकडे बोट दाखवलं. मी उठलो. तिथपासून रस्त्यापर्यंत सगळी जागा अजून बाकी होती.