भावजींची जीप आणि माझं सूप

आमच्या धाकट्या भावजींनी जन्मात कधी माणसाचं ऐकलं नाही, आणि इंजिनाचं ऐकलं नाही असा त्यांचा एक दिवस गेला नाही. जेवायला तीन हाका माराव्या लागत. पण पुणे रस्त्यावरून एखादा ट्रक गेला की घास हातात तसाच धरून म्हणत, "वहिनी, याचा एक प्लग गेलाय. सुप्यापर्यंत बी जायचा न्हाई." एकदा असा ट्रक खरोखरच घाटात उभा सापडला, तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं. लग्न केलं नाही. "बायको कवा बोलंल आन् कवा गप बसंल, टायमिंग कळत न्हाई," असं म्हणत. रॉकेलचा वास मारणाऱ्या माणसाला मुलगी देतं कोण, हे मी त्यांना सांगत असे, पण तेही त्यांनी ऐकलं नाही.

केडगावला आमच्या ओट्यासमोरच पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं गॅरेज होतं. लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप त्यांनी आणली आणि तिचं पेट्रोलचं इंजिन रॉकेलवर चालवायचं ठरवलं. सुरू करायची पेट्रोलवर, तापली की तोटी फिरवून रॉकेलवर न्यायची. थंड रॉकेल नीट पेटत नाही म्हणून त्याची तांब्याची नळी धुराच्या गरम पाइपाला गुंडाळलेली. शिवाय रॉकेलला ठिणगी जराशी उशिरा लागते. लवकर पडली तर इंजिन ठोकतं, फार उशिरा पडली तर तापतं, आणि स्लोवर, म्हणजे उभ्या गाडीत मंद, सोडलं की मरतं. डिस्ट्रिब्युटर नावाचा डबा केसभर इकडेतिकडे फिरवून ती वेळ साधायची. हे सगळं मी भाकरी थापता थापता इतक्या वेळा ऐकलं, की नीट वाजणारी जीप कुठली आणि खोकणारी कुठली हे मलाही कळायला लागलं. नगरातल्या एका मेस्तरीनं त्यांना ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंगचा दिवा देऊ केला. यांनी हात जोडले. "दिवा ज्याला कान न्हाईत त्याला. आपल्याला देवानं दोन दिल्यात."

दुष्काळाच्या साली जीप बिघडली. म्हणजे ते तसं म्हणत. "स्लोवर ऱ्हातच न्हाई, वहिनी. मरती." पॉइंट घासले, कंडेन्सर बदलला, कार्ब्युरेटर खोलून माझ्या परातीत धुतला. मी विचारल्यावर म्हणाले, "पुन्यांदा घासून ठिवलीय की परात." आठ दिवस भाकरीला रॉकेलचा वास येत होता. शेवटी त्यांनी स्लोचा स्क्रू इतका आवळला, की उभी जीप चढ चढत असल्यासारखी ओरडे. शेजारणीच्या कोंबड्यांनी अंडी देणं थांबवलं, आणि तिनं त्याचा आळ सरळ जीपवर घेतला.

एका सकाळी मी ओट्यावर रेशनची तांबडी मिलो ज्वारी पाखडत होते. भावजींनी स्क्रू सैल केला. आवाज खाली आला, आणि जीप मंद आचेवरच्या वरणासारखी रटरट चालू राहिली. इतकी सुंदर ती कधीच चालली नव्हती. भावजी मान खाली घालून उभे होते. "मेली परत," म्हणाले, आणि त्यांनी स्टार्टर दाबला.

चालू इंजिनाला स्टार्टर मारला की दातावर दात घासून जो आवाज होतो, त्यानं रस्त्यावरची कुत्री पळाली. भावजी हलले नाहीत. पुन्हा दाबला.

"भावजी! चालू आहे ती!" मी ओरडले. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

मी उठून गेले, त्यांचा हात धरला आणि तळवा बॉनेटवर टेकवला. पत्रा थरथरत होता. त्यांनी हात बराच वेळ काढला नाही.

"कुनाला सांगू नगा, वहिनी," ते म्हणाले. "भैऱ्या मेस्तरीकडं गाडी कोन आनील? मला दुसरं काय येतंय?"

नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या शिरा गेल्या, इलाज नाही. मी रडणाऱ्यातली नाही. घरी आल्यावर सूप हातात घेतलं आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "गाडी खोकतेय तोवर मी पाखडत राहीन. नीट जमली की सूप थांबेल. इंजिनाकडे नका बघू, माझ्याकडे बघा."

दोन वर्षं असं चाललं. श्रीगोंद्याचा एक ऊसवाला बागाईतदार आपली जीप घेऊन आला, तर हे डबा फिरवतायत आणि नजर ओट्यावर. "मेस्तरी इंजनाकडं बगत बी न्हाई की!" तो म्हणाला. "त्यांना गरज नाही," मी म्हटलं. "लई मोठं देनं हाय देवाचं," असं म्हणून त्यानं लांबूनच हात जोडले. गाड्या वाढल्या, पण रेशन वाढलं नाही. तीच पायलीभर मिलो मी दिवसातून चार-चारदा पाखडली. एवढी निवडलेली मिलो साऱ्या जिल्ह्यात कुणी खाल्ली नसेल.

मग एक दिवस भावजी नगरहून जीप घेऊन येत असताना मागची एस.टी. वेशीपर्यंत हॉर्न वाजवत आली. यांना पत्ताच नाही. शेवटी ड्रायव्हरनं गाडी आडवी घातली. सगळी एस.टी. खिडक्यांतून यांच्याकडे बघत होती. त्या संध्याकाळी मी समोर बसून, ओठ वाचता येतील असं सावकाश सांगितलं, "गाडी विका."

माणसाचं एवढं एकच त्यांनी ऐकलं.

जीप श्रीगोंद्याच्या बागाईतदारानंच नेली. भावजींनी सकाळी अखेरचं टायमिंग लावलं. मी ओट्यावर सूप घेऊन बसले होते. जीप नीट वाजायला लागली, मी सूप थांबवलं, त्यांनी नट आवळला. बागाईतदार स्टिअरिंगवर बसला. भावजींनी रस्त्याकडे पाठ केली आणि माझ्या हातांकडे बघत उभे राहिले.

जीप निघाली. शेजारणीच्या परसापुढून गेली, मग चिंचेपलीकडे. आवाज बारीक होत गेला, आणि थोड्या वेळानं मलाही येईनासा झाला. रस्ता मोकळा होता.

"चांगली वाजती ना?" भावजींनी विचारलं.

हाताला रग लागली होती. मी सूप जराही हलू दिलं नाही.