लॉटरीवाल्यांनी म्हणे मागच्या गेटने यायचं!

मंडळी, दोन तास झाले, राग अजून उतरलेला नाही.

नाहूरला एका खासगी टॉवरमध्ये आम्हाला सरकारी सोडतीत, म्हणजे लॉटरीत, कमी किमतीत घर लागलं. गेल्याच महिन्यात राहायला आलो. आज गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला हॉस्पिटलमधून घरी आणत होते. रिक्षा पुढच्या गेटवर थांबवत वॉचमन म्हणाला, "मॅडम, लॉटरीवाल्यांनी मागून जायचं."

मागे पायऱ्या आहेत. आई वॉकरवर!

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी आले. "नियम आहे ताई. इथे लोकांनी पूर्ण किंमत देऊन घरं घेतलीत."

"नियम लेखी दाखवा. तोपर्यंत रिक्षा हलणार नाही."

मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. आई रिक्षातूनच म्हणाली, "सायबानू, मी कोणाच्या घरात मागच्या दारान गेलंय नाय. आता माझ्याच घरात कशाक जाव?"

लेखी काहीच नव्हतं. गेट उघडलं. रिक्षा थेट लिफ्टपर्यंत गेली.

आत्ताच सोडतीतल्या बाकीच्या घरांच्या बेल वाजवून आले. उद्यापासून आम्ही सगळे पुढूनच ये-जा करणार. अडवा म्हणावं!

तुमच्याकडेही असं वेगळं गेट आहे का? आणि तुम्ही कुठल्या गेटने जाता?