बी साइडचं शेपूट

सुरतेतल्या लिंबायतच्या ललित सोनवण्याला देवाने बूड दिलं, पण ते टेकवायची अक्कल द्यायला विसरला, असं त्याची बायको चंचल म्हणायची. नाव हिचं चंचल आणि घरात एका जागी बसणारी हीच एकटी. आता काय बोलायचं!

पारोळ्याहून सुरतेला आला तेव्हा ललित वीस वर्षांचा होता. आधी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर लागला, मग पांडेसऱ्याच्या डाइंगमध्ये, मग सचिन गावात एका केमिकलवाल्याच्या गोडाऊनवर. कुठे वर्षभर, कुठे चार महिने. काम वाईट करायचा असं नाही, पण मध्येच त्याचं चित्त उडायचं. काहीतरी राहून जातंय, दुसरीकडे कुठेतरी काहीतरी चाललंय आणि आपण इथे पोती मोजतोय, असं वाटायला लागलं की स्वारी निघाली. शेवटी एक्क्याण्णव साली सासऱ्याने हात टेकले आणि जावयाला एक छोटा गाळा, दोन कॅसेट डेक आणि एक जुना रेकॉर्ड प्लेअर घेऊन दिला. बाहेर पाटी लागली, 'चंचल रेकॉर्डिंग सेंटर'. गिऱ्हाइकाने यादी द्यायची आणि ललितने कॅसेट भरून द्यायची. हरिपाठ, आरत्या, हळदीची गाणी, सिनेमाची गाणी, कुणाला अहिराणी.

हेही सहा महिन्यांत सोडणार, असं सगळे धरूनच चालले होते. पण हा टिकला. का टिकला, ते ऐका.

बारडोलीला रमणकाका म्हणून एक पटेल होते. त्यांच्या घरच्या लग्नाच्या कॅसेट द्यायला ललित गेला होता. काकांची दोन्ही मुलं इंग्लंडला. दर दोन वर्षांनी यायची आणि येताना आणलेल्या रेकॉर्डी इथेच टाकून जायची. माळ्यावर नुसता ढीग. ललित तो ढीग बघत उभा राहिलेला पाहून काका म्हणाले, "लई जा ने भाई, घरमां जग्या रोके छे."

त्याने पहिल्या खेपेला पंधरा आणल्या. वरची एक उचलून लावली ती निखिल बॅनर्जींची सतार निघाली. ललित अर्धा तास हलला नाही. ललित, अर्धा तास! चंचल डबा घेऊन आली तर तिला वाटलं, याला ताप आलाय.

मग काय, गडी सुटलाच. दर पंधरा दिवसांनी बारडोली. एकदा माइल्स डेव्हिस नावाच्या माणसाचं ट्रंपेट हाती लागलं, इतकं एकटं वाजत होतं की ललितने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. एकदा क्राफ्टवर्क निघाले, म्हणजे चौघे जर्मन आणि त्यांची यंत्रं. यंत्राचा खडखडाट तालात बसवला तर तो ऐकवतो, हे लूमवर वर्षभर काढलेल्या माणसाला तिथे कळलं आणि तो एकटाच मोठ्याने हसला. पिंक फ्लॉइडच्या गिटारवाल्याने एक सूर ताणून धरला, तो सुटेपर्यंत ललितने श्वास धरला. एका वहीत तो नावं उतरवायचा, इंग्रजी स्पेलिंग डिक्शनरीत बघून. एकाच्या रेकॉर्डवर दुसऱ्याचं नाव दिसलं की त्या दुसऱ्याच्या शोधात. जेवताना उठायचा, अंघोळीला जाता जाता वहीकडे वळायचा.

पण सांगायचं कुणाला? ही खरी आग होती. चंचलला ऐकवलं तर ती म्हणायची, "छान आहे. येताना मेथी आणा." समोरच्या चहावाल्या भटूला ऐकवलं तर तो म्हणाला, "यात गाणं कधी सुरू होतं?" एवढं मोठं घबाड सापडलंय आणि गल्लीत एक माणूस नाही ज्याला दाखवावं.

त्यातून ती शेपटाची युक्ती निघाली. साठ मिनिटांची कॅसेट, पण भजनं काही घड्याळ बघून संपत नाहीत. बी साइडला शेवटी चार-पाच मिनिटं कोरी टेप उरतेच. दुसरे लोक तिथे एखादी आरती टाकतात. ललित तिथे आपलं काहीतरी भरायला लागला. हरिपाठाच्या शेवटी ट्रंपेट, हळदीच्या गाण्यांमागे जर्मन यंत्रं. कव्हरवर त्याचा उल्लेख नाही. कुणीतरी एक जण परत येईल आणि विचारेल, "ललितभाऊ, ते शेवटी कोण वाजवत होतं?" बस, एवढंच हवं होतं त्याला. उत्तर तयार होतं, तोंडपाठ होतं. स्टूलही वेगळं काढून ठेवलं होतं त्या माणसासाठी.

लोक परत यायचे, नाही असं नाही. उषाबाई कॅसेट काउंटरवर आपटून म्हणाल्या, "आरती झाली आणि मागून भांड्यांची मांडणी कोसळली! पोर दचकून उठलं की रे माझं!" एकाने मशीन दुरुस्त करून घ्यायचा सल्ला दिला. दर वेळी दारात कुणी उभं राहिलं की ललित ते स्टूल पुसायला घ्यायचा, आणि दर वेळी तक्रारच निघायची.

चौऱ्याण्णवच्या प्लेगात अर्धं सुरत गावी पळालं तेव्हा हा पठ्ठ्या पारोळ्याला पोचला तो कॅसेटींची पेटी घेऊन. कपड्यांची लिंबायतलाच राहिली. पंधरा दिवस सासऱ्याच्या धोतरात वावरला. गावभर हसू झालं, पण याचं आपलं एकच, वर्षं चालली आणि विचारणारा कुणी येत नाही.

त्याच्या गिऱ्हाइकांत एक उखादादा होता, लूमवरचा जुना कारागीर. तोंडातून शब्द काढायला त्याला जड जायचं. पगार झाला की दर महिन्याला यायचा आणि हरिपाठाची कॅसेट भरून घ्यायचा. तोच हरिपाठ, त्याच बुवांचा. कंपनीची तयार कॅसेट समोर टांगलेली असायची, तीही स्वस्त. ललित म्हणायचा, "दादा, ही घ्या ना, आवाज साफ आहे." उखादादा मान हलवायचा. "तयार नको. तू सोता भर."

"अहो, पण मागच्या महिन्याची कुठे गेली?"

"घसाई गयी."

घासली म्हणे! महिन्याला एक कॅसेट घासते? ललितला वाटायचं, म्हातारा भक्तीने वेडा झालाय. त्याला टाळायचा नाही, पण त्याच्याकडे नीट बघायचाही नाही. नजर कायम दाराकडे, विचारणाऱ्याच्या वाटेकडे.

सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये एका दुपारी एक तरुण तीरासारखा दुकानात शिरला. डोकं नुकतंच भादरलेलं. "तुले लाज शे का नही?" म्हणत त्याने कॅसेट जमिनीवर फेकली आणि बुटाने चिरडली. तो उखादादाचा मुलगा योगराज होता. उखादादा गेला, हे ललितला तेव्हा कळलं.

झालं होतं ते असं. गंधमुक्तीच्या, म्हणजे सुतक फिटण्याच्या दिवशी मांडवात पाहुणे जेवायला बसलेले. योगराजने बापाच्या कॅसेटींतली वरची उचलून लाउडस्पीकरवर लावली. हरिपाठ संपला, वाढप चालू होतं म्हणून टेपकडे कुणाचं लक्ष नव्हतं, आणि ट्रंपेट सुरू झालं. पाच मिनिटं. सगळी भाऊबंदकी हातातला घास तसाच धरून बघत राहिली. योगराज धावत जाऊन टेप बंद करीपर्यंत त्याची आई मोठ्याने रडायला लागली होती. "माझ्या बापाच्या गंधमुक्तीत पिपाणी वाजवलीस तू," योगराज म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला.

ललितने हात जोडले. दुसरं काय करणार? गेलेल्या माणसाची शोभा केली आपण, तीही कशासाठी, तर आपली खाज भागवायला. त्या दिवसापासून शेपूट बंद. उरलेल्या टेपवर आरती. बारडोलीला जाणंही थांबलं. वही चंचलने कपाटात ठेवली, त्याने मागितली नाही. नुसता आत-बाहेर करायचा, काउंटर पुसायचा, पुन्हा पुसायचा. दुकान विकून वापीला जायचं बोलायला लागला. चंचल पहिल्यांदाच घाबरली. "अहो, काहीतरी लावा ना तुमचं ते," ती म्हणाली. "मेथी मी आणीन." त्याने लावलं नाही.

दिवाळीच्या आधी, भरदुपारी, एक बाई कापडी पिशवी घेऊन दारात उभ्या राहिल्या. उखादादाच्या बायको, सरलाबाई. ललितला वाटलं, आता या राहिलेलं बोलून घेणार. तो मान खाली घालून उभा राहिला.

सरलाबाईंनी पिशवी काउंटरवर रिकामी केली. चाळीस-बेचाळीस कॅसेटी. सगळ्या त्याच हरिपाठाच्या, सगळ्या ललितने भरलेल्या. एकही घासलेली नव्हती. सगळ्या बी साइडच्या शेवटाला आणून ठेवलेल्या, आणि प्रत्येकीच्या कार्डावर पेन्सिलीने, जोर देऊन, काहीतरी लिहिलेलं. ललित वाचायला लागला. 'चार लूम येक ठोका.' 'तार तुटत नही.' 'रडकी पिपाणी.' 'रडकी पिपाणी, दुसरी.'

"सुट्टीच्या दुपारी टेपला कान लावून बसायचे," सरलाबाई म्हणाल्या. "लूमने कान गेले होते ना. हरिपाठ पुढे पळवायचे, पांडुरंगा माफ कर म्हणायचे, आणि तेवढं शेवटचं ऐकायचे. चार-चार वेळा. योगराजला ठाऊक नव्हतं. मांडवात ते वाजलं आणि मी ओळखलं. लोकांना वाटलं, अपमान झाला म्हणून रडते."

ललित म्हणाला, "वहिनी, मग त्यांनी मला कधी विचारलं का नाही? चार वर्षं येत होते!"

"मी म्हणायची ना, विचारा त्या ललितभाऊला. तर म्हणायचे, 'त्याले सांगू नको. चूक सुधारी टाकी तो.'" सरलाबाईंनी पदर सारखा केला. "त्यांना वाटायचं, तुमची जुनी टेप पुसायची राहून जाते. लोक इथे येऊन तुमच्याशी भांडायचे, ते त्यांनी बघितलं होतं ना. म्हणायचे, आपण गप राहायचं. दर महिन्याला बघायचं, या खेपेलाही चुकलाय का."

समोर भटूच्या स्टोव्हची घरघर चालू होती. ललितने एक कॅसेट उचलली, खाली ठेवली, दुसरी उचलली.

"योगराजने तोडली ना, तेवढी रडकी पिपाणी परत भरून द्या," सरलाबाई म्हणाल्या. "आणि खरं सांगा, ललितभाऊ. ती चूक व्हती का?"

"नाही, वहिनी. चूक नव्हती. मी मुद्दाम भरायचो. कुणीतरी विचारील म्हणून."

सरलाबाईंनी ते वेगळं ठेवलेलं स्टूल स्वतःच पुढे ओढलं आणि त्यावर बसल्या.

"मंग इचारस मी," त्या म्हणाल्या. "हाई कोन वाजाडस?"

ललित खाली फरशीवरच बसला. "माइल्स डेव्हिस," तो म्हणाला, आणि हुंदके देऊन रडायला लागला.